धुमाशेजारची तार

बास गिटारच्या साध्या राउंडवाउंड तारेवरून लांबीच्या दिशेने नख ओढलं की खर्रर्र आवाज येतो. नखाला एकेक वेढा लागत जातो. गाभ्याभोवती गुंडाळलेली बारीक तार गोल असते, त्यामुळे दर दोन वेढ्यांमध्ये खाच राहते, आणि त्या खाचेत बोटांचा घाम, कातडीचा भुगा, धूळ सगळं साठत जातं. तेच नख फ्लॅटवाउंडवर ओढा. ते कुठे अडत नाही. वेढे तिथेही आहेतच, पण ते गोल तारेचे नसून चपट्या पट्टीचे आहेत, आणि पट्टीची कड शेजारच्या कडेला इतकी लागून बसलेली असते की वेढे नजरेला चटकन दिसतही नाहीत. बोट फिरवून बघावं लागतं.

मला या चपट्या पट्टीबद्दल बोलायचंय. आमच्याकडे, अमळनेर-धुळ्याच्या पट्ट्यात, बास वाजवणारी पोरं थोडी आणि तारांचा विचार करणारी त्याहून थोडी. अहिराणी गाण्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये बास बहुतेक वेळा कीबोर्डच्या डाव्या हाताने उरकला जातो. लग्नाच्या बँडच्या गाडीवर कीबोर्ड, ऑक्टापॅड आणि गायक चढले की जागा संपते. तरी ज्यांच्या हातात बास गिटार आहे त्यांच्याशी, आणि ज्यांना ती घ्यायचीय त्यांच्याशी, तारेबद्दल मोकळेपणाने बोलावं असं फार दिवस मनात होतं. कारण गिटार कोणत्या कंपनीची, पिकअप कोणते, अॅम्प किती वॉटचा यावर रात्र रात्र चर्चा होते, आणि ज्या वस्तूला बोट प्रत्यक्ष लागतं ती मात्र दुकानातून आली तशीच राहते.

दुकानातून येताना ती नव्वद टक्के राउंडवाउंड असते असं म्हणायला हरकत नाही. पण बास गिटार जन्मली ती फ्लॅटवाउंड तारा लावून. अमेरिकेतल्या गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बास बाजारात आणली, तेव्हा पुढे ठेवलेला वादक होता तो माणसाच्या उंचीचा उभा डबल बास पाठीवर वाहून नेणारा. त्याला हलकं, पडदे (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) असलेलं, सुरात चटकन वाजणारं वाद्य हवं होतं. आवाज मात्र ओळखीचाच, खोल आणि गोल हवा होता. तारा गुळगुळीतच होत्या. शिवाय ब्रिजवर, म्हणजे तारा गिटारच्या पोटावर जिथे टेकतात तिथे, जे चकचकीत झाकण यायचं त्याच्या आत फोमची पट्टी असायची, तारेला टेकलेली, म्हणजे स्वर लांबत जाऊ नये. वाजला, बसला, पुढचा आला. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभर बासचा आवाज म्हणजे हाच आवाज.

मग इंग्लंडात 'द हू' या बँडच्या जॉन एन्टविसलला हा आवाज पुरेना. त्याला बासमधून पियानोच्या खालच्या पट्टीसारखी धातूची झणझण हवी होती. रोटोसाउंड या तारा बनवणाऱ्या कंपनीबरोबर बसून त्याने १९६६ च्या सुमाराला बासच्या राउंडवाउंड तारा घडवून घेतल्या, आणि त्यानंतर वारं फिरलं. पुढे बासवादक जॅको पास्टोरियसने पडदे काढलेल्या बासवर याच तारा लावल्या, त्या लाकडाला खाऊ नयेत म्हणून मानेच्या लाकडी पट्टीवर इपॉक्सीचा (कडक राळेचा) थर चढवला, आणि बासला गाता येतं हे दाखवून दिलं. राउंडवाउंडचा मी विरोधक नाही. अंगठ्याने थापून वाजवायची स्लॅप शैली त्या तारांशिवाय उभीच राहत नाही. माझ्याकडे दुसरी बास आहे, तिच्यावर त्याच तारा आहेत.

पण माझं बहुतेक वाजवणं स्लॅपचं नाही. माझं वाजवणं अभंगवाणीच्या कार्यक्रमातलं आहे, अहिराणी गाण्यांच्या रेकॉर्डिंगमधलं आहे, श्रावणात कानबाईच्या, आमच्याकडच्या देवीच्या, गाण्यांचं आहे. तिथे माझ्या शेजारी ड्रमसेट नसतो. पखवाज असतो, ढोलकी असते, कधी डफ असतो. आणि तारेचा प्रश्न मला सोडवून दिला तो पखवाजाने.

आमच्या मंडळात पखवाज वाजवतात ते जिभाऊ. वयाने वडिलांच्या बरोबरीचे. कार्यक्रमाआधी त्यांच्या हातात एक छोटी वाटी असते, तिच्यात भिजवलेल्या कणकेचा गोळा. शाईची, म्हणजे उजवी, बाजू हातोडीने सुरात आणली की ते पखवाज फिरवतात आणि डाव्या बाजूच्या, धुमाच्या पानावर (कातड्यावर) मधोमध तो गोळा थापतात. मग अंगठ्याने दाबत दाबत कडेकडे पसरवतात. मध्ये एकदा हाताची थाप देऊन ऐकतात, चिमूटभर काढतात किंवा लावतात. कोरड्या पानाचा आवाज वर, जरा रिकामा, धातूचं पिंप वाजल्यागत येत असतो. कणीक चढत जाते तशी त्यातली वरची झणझण मरते, आवाज खाली उतरतो, आणि एका क्षणी 'घुम्म' असा भरीव स्वर येतो. तिथे जिभाऊ थांबतात. पुढे गरमीने कणीक वाळायला लागली की स्वर चढतो, म्हणून दोन अभंगांच्या मध्ये पाण्याचं बोट फिरवतात. कार्यक्रम संपला की कणीक खरवडून काढायची, पुढच्या वेळी नवी.

एवढं सगळं कशासाठी? कातड्यात वरचे स्वर आहेत, ते झाकायचेत. धुमाचं काम झणझणणं नाही, मृदंगाच्या बोलाला जमीन देणं आहे.

याच जागेत, म्हणजे साधारण सव्वाशे हर्ट्झच्या (सेकंदाला इतके कंप) खालच्या पट्ट्यात, माझी बासही राहते. मोकळी जाड 'ई' तार ४१ हर्ट्झला वाजते, 'ए' ५५ ला, 'डी' ७३ ला, 'जी' ९८ ला. त्यात राउंडवाउंड तारेचा वरचा चरचरीत भाग मिसळला की तो थेट जिभाऊंच्या शाईच्या बाजूवर जाऊन आदळतो. 'ता' आणि 'ना'चे बोल तिथेच असतात, गायकाच्या शब्दांची व्यंजनंही तिथेच, टाळांची किणकिण त्याच्या जरा वर. म्हणजे बासवाल्याने काही वावगं न वाजवताही तीन जणांच्या अंगणात पाय टाकलेला असतो. तालमीला राउंडवाउंड असली की जिभाऊ म्हणायचे, "तो टणटण आवाज बंद कर ना भो, माना धूमच ऐकू येत नही." गिटारवरचा टोन नॉब पूर्ण खाली करून, म्हणजे वरचे स्वर छाटून, काम भागायचं थोडंफार. पण टोन नॉब हा नंतर घातलेला पडदा. तारेनेच कमी बोलायचं ठरवलेलं असणं निराळं.

फ्लॅटवाउंड का कमी बोलते, याचं उत्तर तिच्या घडणीत आहे. मध्ये पोलादी गाभा, बहुतेक सेटमध्ये षट्कोनी. त्यावर आधी गोल तारेचा एखादा थर आणि सगळ्यात वर चपटी पट्टी. कडेला कड लागलेली असल्यामुळे तार थरथरते तेव्हा शेजारचे वेढे एकमेकांवर किंचित घासतात, आणि त्या घासण्यात सगळ्यात आधी खर्ची पडतात ते बारीक, वेगवान कंप, म्हणजेच मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वरांश. खालचा मूळ स्वर आणि त्याच्या लगतचे दोन-चार अंश शाबूत राहतात. म्हणून तिचा स्वर सुरुवातीला ठाशीव येतो, मग पटकन गोळा होतो. बोट तारेवरून सरकवताना येणारा तो शिट्टीसारखा आवाजही जवळजवळ नाहीसा होतो. अभंगाच्या विलंबित ओळीत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसीट घ्यायची असेल तर हे फार मोलाचं. पडदे असल्यामुळे खरी मींड बासला जमत नाही, पण निदान जाताना खरखर तरी ऐकू येत नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो. ती मला कोणी सांगितली नव्हती, वाजवता वाजवता ध्यानात आली. आपल्याकडे पुरुष गायक बऱ्याचदा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज धरून, गातात. काळी एकचा षड्ज 'ए' तारेच्या चौथ्या पडद्यावर येतो. शुद्ध स्वरांचा अभंग असेल तर चारही मोकळ्या तारांपैकी एकही कामाला येत नाही, सगळं बोटाखाली दाबूनच वाजवायचं. आणि शेवटी भैरवी आली की खेळ उलटतो. काळी एकच्या भैरवीत कोमल रिषभ म्हणजे 'डी', कोमल गंधार म्हणजे 'ई', कोमल धैवत म्हणजे 'ए'. तिन्ही मोकळ्या तारा एकदम हातात. हात दमलेला असतो, रात्र झालेली असते, मोकळ्या तारा वाजवण्याचा मोह सुटत नाही. राउंडवाउंडवर मोकळी तार आणि दाबलेली तार यांचा पोत फार वेगळा लागतो. मोकळी लखकन उजळते, आणि भैरवीतला नेमका नाजूक कोमल रिषभ ओरडून उभा राहतो. फ्लॅटवाउंडवर हा फरक पुसट होतो. चारी तारा, वरचे पडदे, खालचे पडदे, सगळं एका घरातलं वाटतं. ज्या संगीतात षड्ज गायकाच्या गळ्याप्रमाणे रोज हलतो, त्याला ही समानता हवीच. या एका कारणासाठीसुद्धा मी फ्लॅटवाउंड निवडली असती.

फ्लॅटवाउंड म्हणजे मऊ आणि म्हातारा आवाज, हा एक समज आहे. तो खरा नाही. आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचा स्टीव्ह हॅरिस आयुष्यभर फ्लॅटवाउंडच वाजवत आला, रोटोसाउंडचा त्याच्या नावाचा सेटच आहे, ५० ते ११० जाडीचा. बोटं तारेवर एवढ्या जोराने मारतो की तार पडद्यांवर आपटते आणि टणत्कार घोड्याच्या टापांसारखा पुढे येतो. दुसऱ्या टोकाला डेट्रॉइटच्या मोटाऊन स्टुडिओतला जेम्स जेमर्सन. मूळचा डबल बास वादक. १९६२ ची प्रिसिजन, तिच्यावर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड, अॅक्शन उंच (म्हणजे तारा पडद्यांपासून बऱ्याच वर), ब्रिजजवळ फोम, आणि उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी. तार तुटेपर्यंत तो ती बदलत नसे. साठच्या दशकात अमेरिकेतली किती गाणी त्या एका बोटावर उभी आहेत याची गणती करत बसावं असा तो माणूस. १९८३ साली तो गेला, त्याच्या जरा आधी ती गिटार चोरीला गेली, ती परत सापडली नाही. कॅरोल के लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये फ्लॅटवाउंड पिकने (बोटांत धरायच्या छोट्या चपट्या तुकड्याने) वाजवायच्या, तारांवर फेल्टची पट्टी ठेवून, आणि त्यांचा प्रत्येक स्वर मोजून घेता येईल इतका स्वच्छ. तीन माणसं, एकाच जातीच्या तारा, तीन आवाज. तार दार उघडते, आत हातालाच जावं लागतं.

आता निवडीचं. इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण पैसे इथे जातात. आमच्याकडे हार्मोनियम-तबल्याच्या दुकानात गिटारचा सहा तारांचा सेट मिळतो, बासचा मागवावा लागतो, फ्लॅटवाउंडचा तर हमखास मुंबईहून किंवा ऑनलाइन. किंमत साध्या सेटच्या दुपटीच्या आसपास, युरोपातला सेट घेतला तर त्याहून बरीच वर. लावून बघू, नाही आवडला तर दुसरा, ही चैन परवडत नाही. म्हणून पाकिटावरचे आकडे वाचायला शिकावं.

पाकिटावर ४५-१०० किंवा ५०-१०५ असं लिहिलेलं असतं. ती तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. बहुतेक जण तेवढंच बघतात आणि मला वाटतं तिथेच चुकामूक होते. बोटाला जाणवतो तो ताण, जाडी नव्हे. चपट्या पट्टीत खाचा नसतात, म्हणजे तेवढ्याच जाडीत जास्त धातू मावतो, तार जड होते, आणि जड तार त्याच स्वराला आणायची तर जास्त ताणावी लागते. म्हणून राउंडवाउंडचा ४५-१०० ज्याच्या हाताला सवयीचा, त्याला फ्लॅटवाउंडचा तोच आकडा बहुधा कडक लागतो. पण हाही पक्का नियम नाही. व्हिएन्नाच्या थॉमास्टिक-इन्फेल्डचा जॅझ फ्लॅट सेट घ्या. कंपनी १९१९ पासूनची, व्हायोलिनच्या तारांसाठी नावाजलेली. सेट ४३ ते १०० चा, शुद्ध निकेलची पट्टी, आणि ताण इतका कमी की पहिल्यांदा वाजवणाऱ्याला तारा ढिल्या राहिल्यात असं वाटतं. त्यांचा मधला सूर, मानवी आवाजाच्या जवळचा भाग, फार सुंदर बोलतो. याच्या नेमक्या विरुद्ध ला बेलाचा जेमर्सनच्या वळणाचा सेट, ५२ ते ११०. त्याला मनगटात रग हवी आणि गिटारच्या मानेतही. डॅडारिओ कंपनीच्या क्रोम्स तारा, स्टेनलेस स्टीलच्या, या दोहोंच्या मध्ये कुठेतरी, पण ताणाला कडक आणि फ्लॅटवाउंडमध्ये त्यातल्या त्यात उजळ. रोटोसाउंडच्या जॅझ बास ७७ ची पट्टी मोनेलची, म्हणजे निकेल-तांब्याच्या मिश्रधातूची, ती खरखरीत बोलते.

मी कुठल्या बाजूला आहे ते सरळ सांगतो. पखवाजाबरोबर मला ताण जास्त असलेला, पण उजळपणा कमी असलेला सेट आवडतो. तार कडक असली की स्वर लवकर उभा राहतो आणि लवकर बसतो, आणि धुमाच्या थापेलाही तसंच हवं असतं. ला बेलाचा मधल्या जाडीचा सेट माझ्या प्रिसिजनवर चढल्यावर पहिल्याच तालमीत जिभाऊ वाजवता वाजवता माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "आते तुना बास माना धूममा बसना." त्यापुढे मला कुठल्या चाचणीची गरज उरली नाही. पण स्त्रियांचा आवाज असेल, काळी चार-पाचमध्ये कानबाईची गाणी असतील, सोबत फक्त डफ आणि टाळ्या, तर मी थॉमास्टिकसारख्या सैल सेटकडे झुकेन. त्या गाण्यांत मध्ये मोठी मोकळी जागा असते. बायका एक ओळ म्हणतात, दुसऱ्या बायका ती उचलून घेतात, आणि त्या फटीत बासला चार शब्द बोलायची मुभा असते. तिथे गुमसुम तार उपयोगाची नाही.

म्हणून मी दरवेळी हेच सांगतो की तार घरी एकट्याने वाजवून ठरवू नका. खोलीत एकट्याने वाजवली तर राउंडवाउंड जिंकणार, दहापैकी दहा वेळा. ती एकटीच पूर्ण वाटते. फ्लॅटवाउंड एकटी ऐकली तर काहीतरी कमी पडल्यासारखी वाटते, आणि तेवढ्यावर लोक ती उतरवून ठेवतात. तालमीत न्या. ज्यांच्याबरोबर वाजवायचं त्यांना वाजवू द्या, आणि मग कोणाचं काय स्पष्ट ऐकू यायला लागलं ते बघा. ढोलकीवाल्याची चाट, गायिकेचे शब्द. बासची तार चांगली आहे की नाही हे बऱ्याचदा शेजाऱ्याच्या आवाजात कळतं.

एक अडचण मात्र खरी आहे आणि तिला बगल देऊन चालणार नाही. आमची गाणी आज ऐकली जातात ती मोबाइलवर. शेतात, एसटीत, कापूस वेचताना कमरेला बांधलेल्या फोनवर. मोबाइलचा स्पीकर दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली फारसं काही वाजवूच शकत नाही. काळी एकचा खालचा षड्ज ६९ हर्ट्झचा, तो त्या स्पीकरातून निघतच नाही. तरी बास ऐकू येतो, कारण वरचे स्वरांश कानावर पडले की मेंदू खालचा मूळ स्वर स्वतः जोडून घेतो. पण फ्लॅटवाउंडने तेच स्वरांश कमी केलेत! म्हणजे स्टुडिओच्या मोठ्या स्पीकरवर जो बास भरून आला, तो फोनवर गायब. रेकॉर्डिस्ट यावरूनच राउंडवाउंडचा आग्रह धरतात, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही.

यावर माझा उपाय तार बदलण्याचा नाही. मिक्स करताना बासच्या ट्रॅकची एक प्रत काढून तिला किंचित सॅच्युरेशन (आवाजाला हलकी फाट) द्यायचं, म्हणजे स्वरांश पुन्हा निर्माण होतात, आणि ती प्रत मूळ ट्रॅकच्या खाली हलकेच मिसळायची. गाण्याच्या धृपदात दोन मात्रांचं उत्तर असेल तर ते सप्तकभर वर वाजवायचं. पिक घेऊन, तळव्याची कड ब्रिजवर टेकवून वाजवलं की स्वराचं टोक स्पष्ट होतं आणि फोनवरही पोचतं. हे सगळं हाताने आणि मिक्समध्ये करता येतं. पण तारेची चरचर एकदा रेकॉर्ड झाली, आणि ती पखवाजाच्या शाईत मिसळली, की ती वेगळी काढणं कुणाच्या बापाला जमत नाही.

लावण्याबद्दल थोडं, कारण महागाची तार लावतानाच वाया जाऊ शकते. खुंटीपासून पुढे दोन-तीन वेढ्यांपुरती लांबी राखायची, तिथे पक्कडीने तार काटकोनात वाकवायची आणि मगच, वाकवलेल्या जागेच्या पुढे, कापायची. आधी कापली तर वरची पट्टी गाभ्यावरून सैल होऊ शकते, आणि मग ती तार मेली. दोन्ही टोकांना रेशमी दोऱ्याचं वेष्टण असतं. खुंटीच्या बाजूचं वेष्टण नटच्या (मानेच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीच्या) पलीकडे राहावं आणि ब्रिजच्या बाजूचं सॅडलवर, म्हणजे ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्यावर, येऊ नये. म्हणून सेट घेताना स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची लांबी, बघायचंच. नेहमीची बास ३४ इंचांची असते, छोटी ३० ची. गिटारच्या पाठीतून तारा ओवायची सोय असली तरी फ्लॅटवाउंड शक्यतो ब्रिजमधूनच ओवा, कारण पाठीतून येताना ती सॅडलवर फार तीव्र कोनात मुडपते आणि पट्टी उकलायचा धोका असतो. नटच्या खाचा आधीच्या बारीक तारेच्या मापाच्या असतील तर नवी जाड तार त्यात वरच अडकून बसते. कानशीने हलकेच मोठ्या कराव्या लागतात. स्वतः करायची भीती वाटत असेल तर जाणत्याकडून करून घ्या, खोल गेली तर नटच बदलावा लागतो.

ताण वाढला की मान पुढे झुकते. पहिला पडदा कॅपोने (तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याने) दाबायचा, शेवटचा बोटाने, आणि सातव्या-आठव्या पडद्यावर तारेखाली किती फट राहते ते बघायचं. साध्या व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी, म्हणजे तीन दशांश मिलिमीटरच्या आसपास, पुरेशी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतला धातूचा दांडा) पाव फेऱ्याने आवळायचा आणि लाकडाला रात्रभर वेळ द्यायचा. खानदेशात हे काम वर्षातून दोनदा तरी करावंच लागतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हवा ठणठणीत कोरडी होते, लाकूड आक्रसतं, पडद्यांची टोकं मानेच्या कडेला बोटाला टोचायला लागतात. जूनअखेर पाऊस आला की तेच लाकूड फुगतं. तार तर उन्हात लगेच ढिली पडते, कारण पोलाद गरमीने लांबतं आणि ताण उतरतो. दुपारी मांडवात लावलेला सूर संध्याकाळी चढलेला सापडतो. फ्लॅटवाउंड असो की राउंडवाउंड, यातून सुटका कोणाचीच नाही.

घामाच्या बाबतीत मात्र फ्लॅटवाउंड आमच्या हवेला धार्जिणी आहे. लग्नसराई एप्रिल-मेमधली, मांडवात पंखा गायकाकडे वळवलेला, बोटांवरून घाम तारेवर. राउंडवाउंडच्या खाचांत तो साचतो आणि एका हंगामात तार भुसकट होते. फ्लॅटवाउंडवर खाचच नाही. कोरड्या सुती फडक्याने दोन्ही अंगांनी पुसली, तारेखालूनसुद्धा, की झालं. शिवाय पडदे कमी झिजतात, आणि पडदे बदलणारा कारागीर आमच्या गावात नाही हे लक्षात घेतलं तर त्याची किंमत कळते. दुप्पट पैसे देऊन घेतलेला सेट वर्षानुवर्षं टिकतो, तेव्हा हिशेबातही ती महाग पडत नाही.

नवी असताना तिच्यात थोडी झणझण असते, काही सेट बोटाला चिकटतातही. त्यावरून मत बनवू नका. रोज वाजवत राहिलं की काही आठवड्यांत चिकटपणा जातो, आवाज खाली बसतो. घाईच असेल तर चिंधीवर थोडं स्पिरिट घेऊन तार पुसा, लाकडाला न लागू देता.

फ्लॅटवाउंड आणि राउंडवाउंड यांच्या मधले हाफराउंडही मिळतात, गोल वेढे वरून घासून सपाट केलेले. मला ते दोन्हीकडचे थोडे आणि कुठलेच पूर्ण नाहीत असे वाटले. काळ्या नायलॉनच्या टेपवाउंड तारा बोटाला मऊ आणि आवाजाला डबल बासच्या जवळ जातात. पडदे नसलेली बास असेल तर त्या जरूर बघाव्यात.

आणि उतरवलेला फ्लॅटवाउंड सेट टाकून देऊ नका. गुंडाळून, कुठल्या गिटारचा आणि कोणत्या जाडीचा ते चिठ्ठीवर लिहून, पाकिटात ठेवा. गाभा न मोडता उतरवला असेल तर तो तितक्याच स्केलच्या दुसऱ्या बासवर पुन्हा चढतो. फक्त खुंट्यांची मांडणी सारखी आहे ना ते आधी बघा, नाहीतर वाकवलेली जागा नटवरच येते. ज्या पोराला नवा सेट परवडत नाही त्याला तो द्या. जुना, वाजवून वाजवून बसलेला फ्लॅटवाउंड सेट नव्यापेक्षा बरा वाजतो, आणि पखवाजाशेजारी बसायला शिकणाऱ्याच्या हाती पहिल्याच दिवशी तयार तार पडते.